जुना ट्रॅक्टर व पिकअप: चोरी टाळण्याचे उपाय आणि विम्याची तयारी

वरोरा, भद्रावती, चिमूर परिसरातील अनेक गावांत दहा-पंधरा वर्षे जुना ट्रॅक्टर आणि एखादी जुनी पिकअप किंवा जीप यांवरच शेतीची कामे चालतात. अशा गाडीची बाजारातील किंमत कमी झालेली असते, त्यामुळे तिच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते. मात्र गाडी चोरीला गेल्यास होणारे नुकसान तिच्या किमतीपुरते मर्यादित राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनच्या रिकाम्या वावरात हरभरा पेरायचा असतो आणि त्याच काळात कापसाची वेचणी सुरू होते. कोरडवाहू हरभरा जमिनीतील शिल्लक ओलाव्यावर उगवतो. ट्रॅक्टर नसल्याने पेरणी आठ-दहा दिवस लांबली, तर वरच्या थरातील ओल उडते आणि उगवण विरळ होते. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत वेळेवर मिळत नाही. त्यामुळे पिकाच्या संरक्षणाइतकेच गाडीच्या संरक्षणाचे नियोजन हंगामापूर्वी करणे आवश्यक आहे.

जुनी गाडी चोरणे सोपे का जाते?

• नवीन गाड्यांच्या चावीत चिप असते. चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. जुना ट्रॅक्टर, जुनी जीप व पिकअप यांत ही सोय नसते.

• अनेक ट्रॅक्टरमध्ये एकाच मॉडेलच्या चाव्या एकमेकांना चालतात. शिवाय वापरून झिजलेले कुलूप दुसऱ्या चावीनेही फिरते.

• जुन्या डिझेल इंजिनातील पंप यांत्रिक असतो. असे इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज राहत नाही. सेल्फ लागत नसेल तरी उतारावरून किंवा धक्का देऊन ते सुरू करता येते.

• जुन्या गाडीच्या सुट्या भागांना मागणी असते. बॅटरी, टायर, डिझेल पंप, डायनॅमो असे भाग वेगळे करून विकले की गाडीची ओळख उरत नाही.

• अशी गाडी बहुधा उघड्यावर उभी असते आणि तिच्यावर फक्त सक्तीचा थर्ड पार्टी विमा असतो.

वरोऱ्याचे स्थानही लक्षात घ्यावे. नागपूर-चंद्रपूर महामार्ग तालुक्यातून जातो. वर्धा नदी ओलांडली की वणीकडे म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात जाता येते आणि राजुरामार्गे तेलंगणाची हद्द गाठता येते. कोळसा खाणींमुळे रात्रीही अवजड वाहनांची वर्दळ असते, त्यामुळे रस्त्याने जाणारे एखादे वाहन कोणाच्या नजरेत भरत नाही. रात्री नेलेली गाडी सकाळपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात पोहोचू शकते. म्हणून गाडी जागेवरून हलूच नये यावर भर द्यावा.

धोका कुठे जास्त असतो?

१) जिनिंगसमोरील रांग: कापूस घेऊन गेलेली गाडी रात्रभर रांगेत उभी राहते. चालक चहाला किंवा जेवायला जातो आणि रांग पुढे सरकल्यास शेजाऱ्याने गाडी ओढून घ्यावी म्हणून चावी गाडीतच ठेवतो. ही सवय सर्वांत धोक्याची आहे.

२) शेतात मुक्कामी ठेवलेला ट्रॅक्टर: दुसऱ्या दिवशी काम पुढे चालू करायचे म्हणून ट्रॅक्टर वावरात किंवा पांदण रस्त्याच्या कडेला सोडला जातो. जंगलालगतच्या गावांत वाघ, रानडुकरांच्या भीतीने रात्री शेतात कोणी फिरत नाही, त्यामुळे जागलही नसते.

३) आठवडी बाजार, लग्नसमारंभ आणि दवाखाना: गर्दीत अनोळखी माणूस गाडीजवळ उभा राहिला तरी कोणाला संशय येत नाही.

४) घरासमोरील अंगण: घर जवळ आहे या भरवशावर कुलूप लावले जात नाही.

संरक्षणाचे तीन थर

कोणतेही एक साधन चोरी पूर्णपणे रोखत नाही. दिसणारा अडथळा, न दिसणारा अडथळा आणि शोधाची सोय असे तीन थर एकत्र वापरावेत. दिसणारे कुलूप पाहून चोर दुसरीकडे वळण्याची शक्यता असते. ते तोडलेच तर लपवलेल्या अडथळ्यामुळे इंजिन सुरू होत नाही किंवा थोडे चालून बंद पडते. इतके करूनही गाडी उचलून किंवा ओढून नेली, तर जीपीएसमुळे ती कुठे गेली ते कळते.

थर पहिला: दिसणारे अडथळे

• पिकअप व जीपसाठी स्टेअरिंगचे चाक आणि क्लच पेडल यांना जोडणारा लोखंडी दांडा-कुलूप वापरावे. ते बसवायला एक मिनिटही लागत नाही. सोबत गिअर लॉक बसविल्यास अधिक सुरक्षितता मिळते.

• ट्रॅक्टरसाठी पुढच्या चाकाच्या रिममधून जाड, कडक पोलादाची साखळी घालून ती काँक्रीटमध्ये बसविलेल्या कड्याला बांधावी. घराजवळ नेहमीच्या जागी खड्डा करून असे कडे कायमचे बसवून घ्यावे. साखळी सैल व जमिनीवर टेकलेली नसावी, कारण जमिनीवर ठेवून घणाने ती तोडणे सोपे जाते. कुलूप जमिनीपासून उंच आणि आतल्या बाजूला राहील असे लावावे.

• कुलपाचा कडीचा भाग कमीत कमी दिसेल असे कुलूप निवडावे. उघडी, लांब कडी कटरने लगेच कापता येते.

• ट्रॅक्टर उभा करताना त्याच्यासमोर भरलेली ट्रॉली किंवा दुसरे वाहन आडवे लावावे. ट्रॅक्टर भिंतीकडे तोंड करून गिअरमध्ये ठेवावा.

• नांगर किंवा रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो जमिनीवर टेकवून ठेवावा. इंजिन सुरू होत नसेल तर हायड्रोलिक उचलत नाही आणि ट्रॅक्टर ओढून नेणे अवघड होते. अवजार हवेत ठेवून ट्रॅक्टर सोडणे अपघाताच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

• कोठ्याजवळ हालचाल झाल्यावर लागणारा दिवा बसवावा. वीज नियमित नसल्यास सौर दिवा चालतो.

थर दुसरा: लपवलेले अडथळे

गाडीत गुप्त स्विच बसविण्यापूर्वी आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे मेकॅनिककडून समजून घ्यावे. चुकीच्या जागी बसविलेला स्विच चोराला अडवत नाही.

*अ) सेल्फची तार तोडणारा स्विच*

चावी फिरवल्यावर सेल्फच्या सोलेनॉईडला एका वेगळ्या तारेने करंट जातो. या तारेत रिले बसवून तिचा लहान स्विच लपवलेल्या जागी ठेवता येतो. स्विच बंद असेल तर चावी फिरवूनही सेल्फ लागत नाही. बॅटरीकडून सेल्फकडे जाणारी जाड केबल मात्र लहान स्विचमधून कधीही नेऊ नये. सेल्फ मारताना तिच्यातून मोठा करंट जातो, स्विच जळतो आणि आग लागण्याचा धोका असतो. नवीन तारेला बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा.

*आ) बॅटरीचा मुख्य कट-ऑफ*

बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर जाड क्षमतेचा, चावी काढून घेता येणारा कट-ऑफ बसवता येतो. यामुळे बॅटरी उतरत नाही आणि शॉर्टसर्किटचा धोकाही कमी होतो. इंजिन चालू असताना हा कट-ऑफ बंद करू नये, त्यामुळे अल्टरनेटर खराब होऊ शकतो.

वरील दोन्ही उपाय सेल्फ रोखतात. यांत्रिक पंपाचे इंजिन धक्क्याने सुरू होत असल्याने तेवढ्यावर थांबू नये.

*इ) डिझेल रोखणारा कॉक*

टाकी आणि फिल्टर यांच्या दरम्यान सहज न दिसणाऱ्या जागी डिझेलचा वेगळा कॉक बसवावा. तो बंद असताना इंजिन धक्क्याने सुरू झाले तरी नळीत व फिल्टरमध्ये शिल्लक असलेल्या डिझेलवर थोडा वेळ चालून बंद पडते. नंतर लाइनमधील हवा काढल्याशिवाय ते पुन्हा सुरू होत नाही आणि रात्री रस्त्यात थांबून हे काम करणे चोराला परवडत नाही. शेतकऱ्यानेही एक काळजी घ्यावी. सकाळी कॉक उघडल्याशिवाय सेल्फ मारू नये, अन्यथा हवा काढण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. कॉक व त्याच्या जोडण्या गळत नाहीत ना, हे दर आठवड्याला पाहावे.

*ई) पंपावरील सोलेनॉईड*

काही इंजिनांत पंपावर डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉईड असतो. करंट मिळाला तरच डिझेल सोडणारा सोलेनॉईड असेल, तर त्याच्या तारेत गुप्त स्विच बसविणे परिणामकारक ठरते. काही इंजिनांत मात्र करंट दिल्यावर इंजिन बंद होते. तिथे तार तोडल्यास उलट परिणाम होऊन इंजिन बंदच करता येणार नाही. दोरी ओढून बंद होणाऱ्या इंजिनात सोलेनॉईड नसतो, तिथे डिझेलचा कॉक हाच योग्य पर्याय आहे. कॉमन रेल प्रकारच्या पिकअपमध्ये इंजिनचे नियंत्रण संगणकाकडे असते. अशा गाडीच्या वायरिंगला गावातल्या गावात हात न लावता जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घ्यावे.

गुप्त स्विचची जागा घरातील नेहमीच्या चालकाव्यतिरिक्त कोणालाही सांगू नये. गाडी दुरुस्तीला देताना स्विच चालू स्थितीत ठेवून द्यावी. डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली स्विच लावणे टाळावे, कारण चोर प्रथम तिथेच हात घालतो.

थर तिसरा: जीपीएस यंत्र

जीपीएस यंत्र गाडी चोरीपासून वाचवत नाही, ती कुठे आहे हे सांगते. खरेदी करताना पुढील बाबी तपासाव्यात.

• यंत्रातील सिमकार्डच्या कंपनीचे नेटवर्क आपल्या गावात व शेतात मिळते का, हे आधी मोबाईलवर पाहावे. जंगलपट्ट्यात नेटवर्क नसेल तर यंत्र ठिकाण नोंदवून ठेवते आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवते, अशी साठवणुकीची सोय असलेलेच यंत्र घ्यावे.

• यंत्राला स्वतःची लहान बॅटरी असावी, म्हणजे गाडीची बॅटरी काढली तरी ते काही तास चालू राहते आणि तार तोडल्याचा संदेश मिळतो. मुख्य कट-ऑफ बसविलेला असेल तर यंत्राची जोडणी फ्यूजसह कट-ऑफच्या आधी, थेट बॅटरीवर करून घ्यावी.

• ट्रॅक्टर अनेक दिवस उभा राहत असल्यास यंत्रामुळे बॅटरी उतरते. उदाहरणार्थ, यंत्र सतत ३० मिलिअँपिअर करंट घेत असेल तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास खर्च होतात. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी अशा वापरात साधारण ५० दिवसांत निम्मी रिकामी होते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून बॅटरी चार्ज करावी.

• वार्षिक शुल्क भरण्याची तारीख लिहून ठेवावी. शुल्क संपल्याने बंद पडलेले यंत्र ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

• काही यंत्रांत मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय असते. चालत्या गाडीत ही सोय वापरू नये. इंजिन बंद पडताच पॉवर स्टेअरिंग जड होते, ब्रेकची मदत कमी होते आणि रस्त्यावरील इतरांचा जीव धोक्यात येतो. गाडी थांबली असेल तेव्हाच आणि पोलिसांना सांगून ती वापरावी.

फोनद्वारे वस्तू शोधणारी बटणासारखी लहान यंत्रे जवळपासच्या इतर मोबाईलवर अवलंबून असतात. मोकळ्या शेतात किंवा जंगलात त्यांच्यावर विसंबून राहू नये.

ट्रॉली, अवजारे, बॅटरी आणि डिझेल

ट्रॅक्टर कुलूपबंद असला तरी ट्रॉली, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र उघड्यावर असते. दुसरा ट्रॅक्टर आणून ते जोडून नेता येते.

• ट्रॉलीच्या हुकाला कुलूप लावावे. हिच पिन व टॉपलिंक काढून घरात ठेवावी.

• ट्रॉलीच्या साट्यावर तसेच अवजाराच्या मुख्य चौकटीवर दोन ठिकाणी वेल्डिंगने किंवा पंचाने स्वतःची खूण टाकावी. एक खूण सहज दिसणारी आणि दुसरी आतल्या बाजूला असावी. रंगाने लिहिलेले नाव खरवडून काढता येते.

• बॅटरीच्या पेटीला झाकण व कुलूप करून घ्यावे. बॅटरीवरील क्रमांक बिलासोबत नोंदवावा.

• डिझेल टाकीला कुलपाचे झाकण लावावे. मुक्कामी ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये गरजेपुरतेच डिझेल ठेवावे.

• शासकीय योजनेतून मिळालेल्या अवजाराचा क्रमांक, बिल व मंजुरीचे पत्र यांच्या प्रती सांभाळाव्यात. चोरी झाल्यास पोलिसांसोबत तालुका कृषी कार्यालयालाही लेखी कळवावे.

ओळख पक्की करावी

१ एप्रिल २०१९ पासून नवीन वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावूनच दिली जाते. त्यापूर्वी नोंदणी झालेल्या जुन्या वाहनांनाही महाराष्ट्रात ही प्लेट बसविणे बंधनकारक आहे. प्लेटवर क्रोमियम होलोग्राम व लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलपाने घट्ट केलेली असते. ती काढल्यास पुन्हा तशीच लावता येत नाही, त्यामुळे चोरीच्या गाडीवर दुसरी प्लेट चढविणे अवघड होते.

सोबत पुढील नोंदी एका वहीत व मोबाईलमध्ये ठेवाव्यात: चेसिस व इंजिन क्रमांक, त्यांचे स्पष्ट फोटो, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, ठळक खुणा (डेंट, वेल्डिंग, बदललेला भाग), टायर व बॅटरीचे क्रमांक. गंजामुळे चेसिस क्रमांक वाचता येत नसेल तर तो घासून, तेल लावून स्वच्छ ठेवावा. स्वतः तो पुन्हा कोरू नये, अशा गाडीकडे संशयाने पाहिले जाते.

मूळ कागदपत्रे गाडीत ठेवू नयेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधील कागदपत्रे तपासणीवेळी ग्राह्य धरली जातात.

विमा व कागदपत्रे: भरपाई कुठे अडते?

*थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही.* कायद्याने सक्तीचा असलेला हा विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. चोरीसाठी सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. जुन्या गाडीला तो महाग वाटत असेल तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग व चोरी यांचे संरक्षण मिळते का, याची विमा कंपनीकडे चौकशी करावी.

*घोषित मूल्य ठरवून घ्यावे.* चोरीत मिळणारी रक्कम पॉलिसीवर लिहिलेल्या घोषित मूल्यावर (आयडीव्ही) ठरते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे मूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी करण्यासाठी ते फार कमी लिहू देऊ नये.

*गाडी स्वतःच्या नावावर असावी.* गावात अनेक जुन्या पिकअप पहिल्या मालकाच्याच नावावर फिरतात. गाडी विकत घेतल्यावर थर्ड पार्टीचे संरक्षण आपोआप नवीन मालकाकडे येते, पण चोरीचे संरक्षण येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा आणि आरटीओकडे फॉर्म २९ व ३० भरून नोंदणी बदलून घ्यावी.

*नोंदणी चालू असावी.* खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नंतर नूतनीकरण करावे लागते. सुशीलकुमार गोदारा यांच्या प्रकरणात नवीन बोलेरो चोरीला गेली, तेव्हा तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये विमा कंपनीची नकाराची भूमिका मान्य केली. ते प्रकरण नवीन गाडीचे असले, तरी मुदत संपलेल्या नोंदणीवर जुनी गाडी रस्त्यावर चालविणाऱ्यांनी त्यातून बोध घ्यावा.

*चावी गाडीत ठेवू नये.* गाडीची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीची अट असते. अशोक कुमार यांच्या प्रकरणात चालक विचारपूस करायला खाली उतरला, चावी ट्रकमध्येच राहिली आणि ट्रक चोरीला गेला. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ७५ टक्के भरपाई दिली. म्हणजे चावी विसरल्याने भरपाई पूर्ण बुडाली नाही, पण चौथा हिस्सा गेला आणि त्यासाठीही अनेक वर्षे लढावे लागले. जिनिंगच्या रांगेत चावी सोडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

*दोन्ही चाव्या सांभाळाव्यात.* दाव्याच्या वेळी कंपनी गाडीच्या सर्व चाव्या मागते. एक चावी आधीच हरवली असेल तर तेव्हाच पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून कंपनीला लेखी कळवावे. जुनी गाडी घेताना विक्रेत्याकडून दुसरी चावी मागून घ्यावी.

चोरी झाल्यास काय करावे?

*पहिला तास*

१) ११२ क्रमांकावर फोन करावा. गाडीचा क्रमांक, रंग, ठळक खूण, शेवटची पाहिलेली वेळ व जागा सांगावी.

२) जीपीएस असल्यास ठिकाण पोलिसांना द्यावे. रात्री स्वतः पाठलाग करू नये. चोर हत्यारबंद असू शकतात आणि जंगलातील रस्त्यावर वन्यप्राण्यांचाही धोका असतो.

३) पोलीस पाटील, शेजारील गावे, जिनिंग, पेट्रोल पंप व टोलनाका यांना फोटोसह निरोप द्यावा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, ते जपून ठेवण्याची विनंती करावी.

४) कर्जाचा हप्ता थकल्याने वित्त कंपनीने गाडी नेली किंवा पोलिसांनी उचलली असे तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

*पहिला दिवस*

पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची आणि कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनाच्या चोरीची तरतूद आहे. दुसऱ्या प्रकारात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेतली जाते. वणीच्या बाजारातून गाडी गेली तरी वरोऱ्यात तक्रार देता येते. तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. नोंद करण्यास नकार मिळाल्यास माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन व ई-मेल किंवा लेखी पत्राने कळवून दावा क्रमांक घ्यावा. एफआयआर वेळेत दिला पण कंपनीला उशिरा कळविले, म्हणून दावा नाकारल्याची प्रकरणे घडली आहेत. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर ऑक्टोबर २०१० मध्ये चोरीला गेला. त्यांनी एफआयआर त्याच दिवशी दिला, मात्र विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळविले. कंपनीने दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये निकाल दिला की एफआयआर तातडीने दिलेला असेल, तर केवळ कंपनीला कळविण्यातील उशिरामुळे चोरीचा खरा दावा नाकारता येणार नाही. निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागला, पण त्यात नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणून दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी कळविणे हिताचे आहे.

*पुढील आठवडे*

• आरटीओला आणि कर्ज असल्यास बँकेला लेखी कळवावे. कर्जाची गाडी असेल तर भरपाईची रक्कम आधी बँकेकडे जाते. दावा मंजूर होईपर्यंत हप्त्यांबाबत बँकेशी बोलून घ्यावे.

• गाडी सापडली नाही तर तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल सादर करतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा अहवालाला ‘अ समरी’ म्हणतात. दाव्यासाठी त्याची प्रत लागते, त्यामुळे तपास अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करावा.

• आरसी, पॉलिसी, सर्व चाव्या, एफआयआर आणि सही केलेले हस्तांतरणाचे फॉर्म कंपनीला देताना प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

• दावा चुकीच्या कारणाने नाकारल्यास कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, त्यानंतर विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

जुनी गाडी विकत घेताना

बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारी गाडी चोरीची असू शकते. चेसिस व इंजिन क्रमांक स्वतः वाचून आरसीशी जुळवावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असल्यास व्यवहार थांबवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती गाडी पोलिसांच्या नोंदीत चोरीची आहे का, हे तपासता येते. परराज्यातील गाडी असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चोरीची गाडी नकळत घेतली तरी ती जप्त होते आणि पैसे अडकतात.

गावपातळीवर व विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

• खरीपपूर्व सभेत बियाणे व खतांसोबत वाहन सुरक्षेसाठी पंधरा मिनिटे द्यावीत. चेसिस क्रमांक कुठे असतो ते प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर दाखवावे.

• शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी व अवजार बँकेने सर्व ट्रॅक्टर, ट्रॉली व अवजारांची क्रमांकासह नोंदवही ठेवावी.

• हंगामात शेतात मुक्कामी राहणारे ट्रॅक्टर रात्री गावाजवळच्या एकाच जागी, दिव्याखाली एकमेकांना लागून उभे करावेत. एकेकट्याने जंगलालगत जागल करण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

• ग्राम सुरक्षा दल व पोलीस पाटील यांचे मोबाईल क्रमांक प्रत्येक चालकाकडे असावेत. रात्री अनोळखी माणसे ट्रॅक्टरची चौकशी करताना दिसल्यास त्याच वेळी कळवावे.

खर्चानुसार प्राधान्य

• बिनखर्चाचे उपाय: चावी नेहमी काढून घेणे, हिच पिन घरात ठेवणे, अवजार टेकवून ठेवणे, क्रमांकांचे फोटो काढणे, गाडी व विमा स्वतःच्या नावावर आहे का ते तपासणे.

• कमी खर्चाचे उपाय: डिझेलचा गुप्त कॉक, सेल्फचा लपवलेला स्विच, दांडा-कुलूप किंवा साखळी.

• त्यानंतर करावयाचा खर्च: काँक्रीटमधील कडे, जीपीएस यंत्र, चोरीचे संरक्षण देणारा विमा.

एकाच वेळी सर्व शक्य नसेल तर यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरसाठी प्रथम डिझेलचा कॉक व साखळी, आणि पिकअपसाठी दांडा-कुलूप व सेल्फचा स्विच बसवून घ्यावा. विम्याची व नोंदणीची मुदत आजच तपासावी. ही कामे हरभऱ्याची पेरणी व कापसाची वेचणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर पूर्ण करावीत.